आरवणाऱ्या कोंबड्या : सिल्व्हिया तमाले आणि राखीव जागेचे व्याकरण

'आरवणे' हे क्रियापद मराठीत कोंबड्याच्या मालकीचे आहे. पहाट होते ती त्याच्या साक्षीने. कुणी त्याला डालग्याखाली झाकले, तरी तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपली म्हण सांगते. त्या म्हणीत कोंबडीला स्थान नाही. युगांडातील लोकसमजुतीत तिला स्थान आहे, पण ते भयंकर आहे. कोंबडी आरवली तर तो अपशकुन समजावा आणि तिची मान कापावी, असा तेथील संकेत. मकेरेरे विद्यापीठात कायदा शिकविणाऱ्या सिल्व्हिया तमाले यांनी युगांडाच्या संसदेतील स्त्रियांविषयीचा आपला ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा त्याला नाव दिले 'व्हेन हेन्स बिगिन टु क्रो', म्हणजे 'कोंबड्या आरवू लागतात तेव्हा'.

हे शीर्षक आम्हांला केवळ चटकदार वाटत नाही. त्यात एक राजकीय सिद्धान्त दडलेला आहे. कोंबडीला अंगणात येऊ देणे ही एक गोष्ट, तिला आरवू देणे ही दुसरी. पहिलीला प्रतिनिधित्व म्हणता येईल. दुसरीला राजकीय हक्क म्हणावे लागेल. या दोहोंतील अंतर हाच तमाले यांच्या अभ्यासाचा विषय आहे आणि तोच या लेखाचाही आहे.

ज्या विद्यापीठात त्या शिकल्या आणि पुढे शिकवू लागल्या, त्याचा इतिहास या प्रश्नाची प्रस्तावनाच आहे. कंपालातील मकेरेरे ही संस्था १९२२ साली १४ मुलांना घेऊन तंत्रशाळा म्हणून सुरू झाली. तिचे बोधवाक्य होते 'आपण पुरुष होऊ या'. १९४५ साली पहिल्या ६ विद्यार्थिनी दाखल झाल्या आणि हे वाक्य अडचणीचे ठरले; मग 'आम्ही भविष्यासाठी घडवितो' असे नवे वाक्य आले. बोधवाक्य बदलणे तुलनेने सोपे होते. ज्या कल्पनेतून ते जन्मले होते, ती कल्पना मात्र वर्गांत, सभागृहांत आणि वेतनपत्रकांत राहिलीच.

वेतनपत्रकाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. सारा न्टिरो या मकेरेरेतून पुढे ऑक्सफर्डला गेल्या आणि पूर्व व मध्य आफ्रिकेतील पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. परत येऊन त्या गायाझा येथील मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. समान कामासाठी पुरुष शिक्षकापेक्षा कमी पगार मिळणार हे कळताच त्यांनी सांगितले, की मग आपल्याला पगारच नको, आपण फुकट शिकवू. वसाहती सरकारला ही उदारता फार अवघड वाटली आणि त्याला नमते घ्यावे लागले. पुढे १९५८ साली न्टिरो विधिपरिषदेवर गेल्या. स्त्रीचा राजकीय हक्क मतपेटीपाशी सुरू होतो असे आपण समजतो. येथे तो पगाराच्या नोंदवहीपाशी सुरू झालेला दिसतो.

याच गायाझाच्या शाळेशी एका वस्त्राची कथा जोडलेली आहे आणि तिचा धागा थेट गोव्यापर्यंत पोहोचतो. बुगांडातील स्त्रिया समारंभांत नेसतात ती 'गोमेसी' : चौकोनी गळा, फुगीर बाह्या, डाव्या बाजूला दोन गुंड्या आणि कमरेखाली बांधलेला रुंद पट्टा. १९०५ च्या सुमारास मिशनरी बाईंनी शाळेतल्या मुलींसाठी पोशाख शिवायला सांगितला तो गोम्स नावाच्या गोमंतकीय शिंप्याला, आणि त्याच्याच नावावरून या वस्त्राला नाव पडले, असे सांगतात. आज ते 'पारंपरिक' मानले जाते. मिशनरी बाई, गोव्याचा शिंपी आणि आफ्रिकी मुली यांच्या भेटीतून निघालेले वस्त्र शंभर वर्षांत परंपरा होऊन बसते. 'आमच्या संस्कृतीत हे बसत नाही' असे स्त्रियांना सांगितले जाते, तेव्हा ती संस्कृती किती जुनी आणि कुणी शिवलेली, हा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. तमाले यांनी तो आयुष्यभर विचारला.

१९६२ साली युगांडा स्वतंत्र झाला. तमाले यांचा जन्मही त्याच वर्षीचा. त्या पहिल्या संसदेत फ्लोरेन्स लुबेगा होत्या, आणि भारतीय वंशाच्या सुग्रा विसरामही होत्या. विसराम अस्खलित लुगांडा बोलत आणि गोमेसी नेसत. हा आरंभ पुढे टिकला नाही. ओबोटे यांची एकाधिकारशाही, १९७१ नंतरची इदी अमीन यांची राजवट, १९७२ मधील आशियाई लोकांची हकालपट्टी, त्याच वर्षी आखूड स्कर्टवर घातलेली बंदी, आणि १९७८ साली स्वतंत्र स्त्री-संघटना मोडून त्यांच्या जागी सरकारी परिषद बसविण्याचा हुकूम, या घटना एकाच माळेतल्या आहेत. हुकूमशहाला स्त्रीचे गुडघे आणि स्त्रीची संघटना ही दोन्ही सारखीच धोकादायक वाटावीत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९८५ साली नैरोबीत संयुक्त राष्ट्रांची जागतिक महिला परिषद भरली. तेथून परतलेल्या स्त्रियांनी, ज्यांत मकेरेरेतील प्राध्यापिका होत्या आणि मिरिया मातेम्बे यांच्यासारख्या वकीलही, त्याच वर्षी 'ॲक्शन फॉर डेव्हलपमेंट' ही संघटना उभारली. १९८६ च्या जानेवारीत योवेरी मुसेव्हेनी यांची राष्ट्रीय प्रतिकार चळवळ सत्तेवर आली, तेव्हा या स्त्रिया आपल्या मागण्या घेऊन तयार होत्या. गावपातळीच्या प्रतिकार परिषदेत ९ पदांपैकी एक पद महिला सचिवाचे ठरले. १९८९ साली राष्ट्रीय परिषदेत प्रत्येक जिल्ह्यातून एक स्त्री घेण्याची तरतूद झाली. १९९१ साली मकेरेरेत स्त्री-अभ्यास विभाग सुरू झाला, आणि विद्यापीठप्रवेशासाठी मुलींना १.५ गुण अधिक देण्याची पद्धत आली. १९९४ च्या घटना समितीत ३९ जिल्ह्यांतून ३९ स्त्रिया राखीव जागांवर आल्या. काही जणी खुल्या मतदारसंघांतूनही निवडून आल्या, त्यांत म्बारारा नगराच्या विनी ब्यान्यिमा होत्या. त्याच वर्षी डॉ. स्पेसिओझा काझिब्वे उपराष्ट्राध्यक्ष झाल्या. १९९५ च्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमाने स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे कायदे आणि रूढी निषिद्ध ठरविल्या. १८० व्या कलमाने स्थानिक परिषदांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. कागदावर इतके देणारी राज्यघटना त्या काळी जगात क्वचितच होती.

नेमक्या याच काळात तमाले आपले संशोधन करीत होत्या. मकेरेरेतून कायद्याची पदवी, १९८८ साली हार्वर्डची पदव्युत्तर पदवी आणि १९९७ साली मिनेसोटा विद्यापीठाची समाजशास्त्र व स्त्रीवादी अभ्यास यांतील डॉक्टरेट, असा त्यांचा प्रवास. कायद्याच्या अभ्यासकाला कलम पुरेसे वाटू शकते. समाजशास्त्राने त्यांना कलमाच्या पलीकडे पाहायला लावले. त्यांनी संसदेतील स्त्रियांशी आणि पुरुषांशी बोलून, कामकाज पाहून, कलम आणि जगणे यांच्यामधली फट मोजली. निवडणुकीत पुरुषाला रस्त्यांबद्दल विचारले जाई. स्त्रीला विचारले जाई, लग्न झाले आहे काय, नवऱ्याची परवानगी आहे काय, आणि तुझे गाव कोणते, माहेर की सासर? सभागृहात पोहोचल्यावरही टोमणे आणि लगट यांतून सुटका नव्हती. हे आज नवे वाटणार नाही. परंतु जगभर युगांडाच्या प्रयोगाचे कौतुक चालू असताना, त्याच देशातल्या एका स्त्रीने, त्या प्रयोगाच्या बाजूची असूनही, त्याची कठोर तपासणी करावी, यात धैर्य होते.

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत 'महिला प्रतिनिधी' हा सामासिक शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा विग्रह क्वचित करतो. 'महिला असलेली प्रतिनिधी' असा विग्रह केला तर तो कर्मधारय. 'महिलांची प्रतिनिधी' असा केला तर षष्ठी तत्पुरुष. पहिल्यात ती व्यक्ती कोण आहे एवढेच कळते. दुसऱ्यात ती कुणाला बांधील आहे हे कळते. युगांडाच्या राज्यघटनेच्या ७८ व्या कलमात हा भेद प्रत्यक्ष उतरलेला आहे. सैन्य, युवक, कामगार आणि अपंग यांच्याविषयी तेथे 'यांचे प्रतिनिधी' असा शब्दप्रयोग आहे. स्त्रियांविषयी मात्र 'प्रत्येक जिल्ह्यासाठी एक महिला प्रतिनिधी' असे म्हटले आहे. म्हणजे युवकांचा प्रतिनिधी युवकांचा, कामगारांचा प्रतिनिधी कामगारांचा. परंतु राखीव जागेवरची स्त्री स्त्रियांची नव्हे, ती जिल्ह्याची. शिवाय त्या जिल्ह्यात खुल्या मतदारसंघांतून निवडून आलेले सभासद असतातच. मग ही स्त्री नेमकी कुणाची?

निवडणुकीची पद्धत या प्रश्नाचे उत्तर देत होती. २००६ पर्यंत या जागांसाठी सर्वसामान्य मतदार, म्हणजेच सर्वसामान्य स्त्रियादेखील, थेट मतदान करीत नसत. मत देई ते निर्वाचक मंडळ, आणि त्यात स्थानिक परिषदांच्या पुरुष सदस्यांचे वजन मोठे असे. स्त्रीच्या जागेवर कोणती स्त्री बसावी हे पुरुषांनी ठरवावे, अशी ही रचना. तिला निवडणाऱ्यांना कोणती स्त्री सोयीची वाटेल, हे सांगायला नको. जी जागा कृपा म्हणून मिळते, ती टिकविण्यासाठी कृतज्ञता दाखवावी लागते. आणि कृतज्ञता ही सभागृहात फार महाग पडणारी वस्तू आहे. तमाले यांच्या ग्रंथाचा गाभा आम्हांला येथे दिसतो. त्यांचा विरोध राखीव जागांना नव्हता. दार उघडणारा दारातच उभा राहतो, हे त्यांना दाखवायचे होते.

मराठी वाचकाला येथे आपल्याकडचे 'सरपंचपती' आठवल्यावाचून राहणार नाहीत. ७३ वी घटनादुरुस्ती आणि युगांडाची घटना समिती या जवळपास एकाच काळातल्या. आणि २०२३ साली भारतात लोकसभा व विधानसभांतील एक तृतीयांश जागांसाठी घटनादुरुस्ती झाली आहे. साम्य ताणण्याची आमची इच्छा नाही. समासाचा विग्रह मात्र आपणही करून पाहावा.

कोंबडी आरवली तर काय होते, याचा एक नमुना त्याच दशकात मिळाला. १९९८ साली युगांडात नवा भूमी कायदा आला. शेतात राबणारी बाई आणि जमिनीचा मालक पुरुष, ही तेथील सर्वसाधारण स्थिती. पतिपत्नींना राहत्या व कसत्या जमिनीची सहमालकी मिळावी, यासाठी स्त्री-संघटनांनी मोहीम चालविली. मिरिया मातेम्बे यांनी संसदेत दुरुस्ती मांडली, ती मान्य झाली असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानले. कायदा छापून आला तेव्हा ते कलम त्यात नव्हते. कार्यपद्धतीची पूर्तता झाली नव्हती, असे कारण देण्यात आले. युगांडाच्या राजकीय शब्दकोशात त्याला 'हरवलेले कलम' असे नाव पडले. २००४ च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या जमिनीवर राहण्याची सुरक्षितता दिली. सहमालकी तेव्हाही दिली नाही.

आम्हांला वाटते, साहित्याच्या विद्यार्थ्याने या हरवलेल्या कलमापाशी जरा थांबावे. आपण गाळलेल्या ओळींचा, पाठभेदांचा, संपादकाच्या कात्रीचा अभ्यास करतो. येथे एका संहितेतून एक ओळ गळली, आणि त्या एका ओळीबरोबर लाखो बायकांच्या पायाखालची जमीन गेली. मातेम्बे स्वतः राखीव जागेवरून आलेल्या होत्या. म्हणजे कृतज्ञता झुगारणारी स्त्रीही त्याच दारातून येऊ शकते, हे विसरता कामा नये. पुढे त्या मंत्री झाल्या. मुसेव्हेनी यांची राष्ट्राध्यक्षपदाच्या कार्यकाळांची मर्यादा उठविण्यास विरोध केला म्हणून २००३ साली मंत्रिमंडळातून गेल्या. २००५ साली ती मर्यादा उठविली गेलीच.

त्याच २००३ सालाने तमाले यांनाही आरवण्याची किंमत दाखविली. समान संधी आयोगाच्या प्रस्तावित कायद्यात समलिंगी व्यक्तींनाही संरक्षण असावे, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. त्यावर शिव्याशापांचा वर्षाव झाला आणि त्यांना 'वर्षातील सर्वांत वाईट स्त्री' ठरविण्यात आले. जागांपासून देहापर्यंत हा प्रवास काहींना विषयांतर वाटला. तमाले यांना ते विषयांतर वाटले नाही. ज्या नागरिकाच्या देहावर इतरांची सत्ता आहे, त्याच्या मताला किती मोल? ही टीका चालू असतानाच, २००४ साली, त्या मकेरेरेच्या विधी विद्याशाखेच्या पहिल्या स्त्री अधिष्ठाता झाल्या आणि २००८ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

या टप्प्यावर एक सोपी वाट त्यांच्यासमोर होती. संस्कृती ही स्त्रीची शत्रू, कायदा हा तिचा तारणहार, असे म्हणून मोकळे होण्याची. पाश्चात्त्य वाचकाला हीच मांडणी आवडते. तमाले यांनी ती नाकारली. २००५ साली त्यांनी बुगांडातील 'सेंगा' या संस्थेवर निबंध लिहिला. सेंगा म्हणजे आत्या. वयात येणाऱ्या भाचीला लैंगिक जीवनाचे शिक्षण देणे हे तिचे परंपरागत काम. वरवर पाहता हे नवऱ्याला रिझविण्याचे शिक्षण. पण तमाले यांनी दाखविले, की या कुजबुजीत स्त्रीच्या स्वतःच्या सुखाला, तिच्या वाटाघाटीच्या सामर्थ्याला, वेळप्रसंगी बंडालाही जागा आहे. परंपरेत गुलामी असते तशी हत्यारेही असतात. ती वेचून घेणे हे अभ्यासकाचे काम. 'आफ्रिकन सेक्शुॲलिटीज' (२०११) हा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ आणि 'डीकॉलोनायझेशन अँड आफ्रो-फेमिनिझम' (२०२०) हे त्यांचे पुस्तक, या दोहोंतही हा धागा आहे. वसाहतवादाने आणलेला कायदा आणि नंतर 'आमची संस्कृती' म्हणून मिरविला गेलेला कायदा, हे पुष्कळदा एकच असतात, हे त्यांना कायद्याच्या ग्रंथालयातच सापडले होते.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी मकेरेरेत प्राध्यापकपदाचे उद्घाटनपर व्याख्यान दिले. विषय होता नग्नता, निषेध आणि युगांडाचा कायदा. पार्श्वभूमी ताजी होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडील अमुरू जिल्ह्यात, अपा येथील जमिनीच्या वादात, वृद्ध स्त्रियांनी दोन मंत्र्यांसमोर आपली वस्त्रे उतरविली होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये खुद्द मकेरेरेत संशोधिका स्टेला न्यान्झी यांनी आपल्या कार्यालयाला कुलूप घातले गेल्यावर असाच निषेध केला होता. आईच्या वयाच्या स्त्रीने नग्न होणे हा तेथील समजुतीप्रमाणे पाहणाऱ्याला लागणारा शाप आहे. कायद्याच्या लेखी मात्र तो असभ्य वर्तनाचा गुन्हा. तमाले यांनी या दोन संहिता शेजारी ठेवल्या. जिथे मुलींना गोमेसी शिवून दिली गेली त्या देशात, एका शतकानंतर, स्त्रियांना जमिनीसाठी वस्त्र उतरवावे लागले. आणि ज्या जमिनीचे कलम १९९८ साली हरवले होते, त्या जमिनीसारखीच ती जमीन होती.

न्याय म्हणून दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २००६ पासून जिल्ह्याच्या महिला प्रतिनिधी थेट मतदानाने निवडल्या जाऊ लागल्या. २००७ साली घटना न्यायालयाने व्यभिचाराच्या गुन्ह्यात स्त्री-पुरुषांना वेगळी मापे लावणारे कलम रद्द केले. २०१० साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा आणि स्त्री-जननेंद्रियच्छेदनाविरुद्धचा, असे दोन कायदे झाले; त्यांमागे संसदेतील स्त्रियांचे पक्षातीत श्रम होते. २०११ ते २०२१ या काळात रेबेका कडागा या पहिल्या स्त्री सभापती होत्या. तेव्हा राखीव जागा निष्फळ ठरल्या असे म्हणणे खोटे होईल. तरीही १९९४ मधील ३९ जिल्हे २०२१ च्या निवडणुकीपर्यंत १४६ झाले होते आणि तितक्याच राखीव जागाही. जिल्हा वाढला की एक निष्ठावान आसन वाढते, हे सत्ताधाऱ्यांना ठाऊक असते. राज्यघटनेने १० वर्षांनंतर आणि पुढे दर ५ वर्षांनी या व्यवस्थेचा फेरविचार करायला सांगितले होते. जागांची संख्या वाढविणे म्हणजे फेरविचार नव्हे.

तमाले यांचे काम आम्हांला मोलाचे वाटते ते यासाठी, की आपल्याच चळवळीच्या यशाकडे त्यांनी संशयाने पाहिले आणि तरी त्या चळवळीची साथ सोडली नाही. किती स्त्रिया सभागृहात आहेत, हे कुणीही मोजू शकतो. किती जणी आरवल्या, आणि आरवल्यानंतर त्यांचे काय झाले, हे मोजणे अवघड आहे. पुढच्या वेळी 'महिला प्रतिनिधी' हा शब्द वाचताना किंवा शिकविताना आपण फळ्यावर त्याचे दोन्ही विग्रह लिहावेत आणि विद्यार्थ्यांना विचारावे, की आपल्या गावात यांपैकी कोणता लागू पडतो.